चौरस फोटोचा इन्स्टंट कॅमेरा: काशीला नेण्याआधी काय बघाल?

बनारसहून बोलते आहे. आजचा विषय आहे, बटण दाबलं की लगेच कागदावरचा फोटो हातात देणारा कॅमेरा, आणि त्यातही चौरस फोटो छापणारा. व्हिडिओत मी एकेक वस्तू हातात धरून दाखवली होती. पुस्तकात ते जमणार नाही, म्हणून इथे मापं आणि आकडे नीट लिहून देते आहे.

आमच्याकडे पुणे, नागपूर, इंदूर, बेळगाव, बडोदा असे सगळीकडून पाहुणे येतात. येण्याआधी हल्ली एक फोन ठरलेला असतो. "आई-बाबांना काशीला घेऊन येतोय. तो लगेच फोटो देणारा कॅमेरा घ्यायचा आहे. कोणता घेऊ?" मी उलट विचारते, की तो फोटो शेवटी कुणाकडे राहणार आहे? प्रश्न विचित्र वाटतो. पण कॅमेऱ्याची निवड रंगावरून किंवा जाहिरातीवरून करण्यापेक्षा या प्रश्नावरून केली, तर पैसे वाया जात नाहीत. कसं ते सांगते.

चौरस फोटो नवा नाही

तुमच्या घरातला साठ-सत्तरच्या दशकातला अल्बम काढा. काळ्या पानांवर चिकटवलेले बरेच कृष्णधवल फोटो चौरस दिसतील. त्या काळात आपल्याकडे अ‍ॅग्फा क्लिक थ्री नावाचा साधा कॅमेरा घरोघरी असे. त्यात १२० नंबरचा रोल बसायचा आणि सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघायचे. म्हणजे आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो चौरस असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

लगेच मिळणाऱ्या फोटोची गोष्ट अमेरिकेतली. एडविन लँड नावाचे संशोधक १९४३ साली कुटुंबासह सँटा फे इथे सुट्टीवर होते. त्यांच्या लहान मुलीने विचारलं, काढलेला फोटो आत्ताच का बघता येत नाही? त्या प्रश्नावर काम करून लँड यांनी १९४७ मध्ये प्रात्यक्षिक दाखवलं आणि १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये पोलरॉइडचा पहिला कॅमेरा बॉस्टनच्या दुकानात विक्रीला आला. आज आपल्या डोळ्यांसमोर येतो तो, पांढऱ्या चौकटीचा आणि खाली जाड पट्टी असलेला चौरस फोटो मात्र १९७२ च्या एसएक्स-७० या मॉडेलपासूनचा.

ती खालची जाड पट्टी शोभेची नाही. तिच्यात रसायनाची बारीक पुडी असते. फोटो बाहेर येताना दोन रोलरमधून दाबला जातो, पुडी फुटते आणि रसायन लाटल्यासारखं फोटोभर पसरतं. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. फोटो बाहेर येताना बोटाने अडवू नका, आणि आल्यावर हवेत झटकू नका. झटकल्याने तो लवकर उमटत नाही. वाकला तर डाग मात्र पडतो.

मापं आधी बघा

बाजारात "चौरस" या नावाखाली वेगवेगळी मापं आहेत. पांढरी चौकट सोडून फक्त चित्राचं माप बघायचं.

पोलरॉइडचा मोठा फोटो: ७९ बाय ७९ मिलिमीटर. पाकिटात ८ फोटो.

फुजीफिल्म इन्स्टॅक्स स्क्वेअर: ६२ बाय ६२ मिलिमीटर. पाकिटात १० फोटो.

पोलरॉइड गो: ४७ बाय ४६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास चौरसच, पण काडेपेटीएवढा.

सगळ्यात जास्त खपणारा इन्स्टॅक्स मिनी ६२ बाय ४६ चा आहे. तो उभा आयत आहे, चौरस नाही. म्हणजे स्क्वेअर हा मिनीच. रुंदीला सोळा मिलिमीटर वाढवलेला. हे सोळा मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण मिनीमध्ये आई-बाबा दोघं उभे राहिले की फोटो भरला. स्क्वेअरमध्ये त्यांच्या शेजारी नातवंडं मावतात आणि मागे घाटाची पायरीही दिसते. कुटुंबाच्या फोटोसाठी चौरस घ्यावा असं मी म्हणते, ते एवढ्यासाठीच.

तीन घराणी

बनारस म्हटलं की गाण्याची घराणी आठवतात. या कॅमेऱ्यांचीही तीन घराणी आहेत.

पहिलं घराणं शुद्ध रसायनाचं. बटण दाबलं, फिल्मवर थेट उजेड पडला, फोटो बाहेर. फुजीचे एसक्यू१ (२०२०) आणि एसक्यू४० (२०२३) या घराण्यातले. दोघांचं आतलं काम जवळपास सारखं आहे. एसक्यू४० ला जुन्या चामड्याच्या कॅमेऱ्यासारखं रूप दिलंय, एवढाच मोठा फरक. पोलरॉइडचा नाऊ याच घराण्यातला. लोमोग्राफीचा लोमोइन्स्टंट स्क्वेअर ग्लाससुद्धा याच घराण्यातला, आणि त्याला फुजीची स्क्वेअर फिल्मच लागते. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. फोटो एकच निघतो. निगेटिव्ह नाही, मेमरी कार्ड नाही, दुसरी प्रत नाही.

दुसरं घराणं मिश्र. आत डिजिटल कॅमेरा आणि त्यालाच जोडलेला प्रिंटर. फुजीने २०१७ मध्ये स्क्वेअर फिल्म आणली तीच एसक्यू१० या अशा मिश्र कॅमेऱ्याबरोबर. मागच्या पडद्यावर फोटो बघायचा, आवडला तर छापायचा आणि हवा तर पुन्हा छापायचा. कोडॅकचा मिनी शॉट ३ रेट्रोही मिश्रच, पण त्यात रसायनाची फिल्म नसते. रंगाच्या फितीवरून एकेक रंग कागदावर चढतो आणि तीन बाय तीन इंचांचा फोटो मिळतो.

तिसऱ्या घराण्यात कॅमेराच नाही, नुसता छोटा प्रिंटर आहे. फोटो फोनने काढायचा आणि ब्लूटूथवरून छापायचा. फुजीचा स्क्वेअर लिंक (२०२२) तीच दहा फोटोंची फिल्म वापरतो. कॅननचा सेल्फी स्क्वेअर क्यूएक्स१० (२०१९) रंगाच्या फितीवर चालतो आणि त्याचं चित्र ६८ बाय ६८ मिलिमीटरचं असतं.

मजा हवी असेल तर पहिलं घराणं. खात्री आणि जास्त प्रती हव्या असतील तर दुसरं किंवा तिसरं. आता ही निवड काशीच्या हवेत आणि उजेडात नेऊन तपासू.

काशीची हवा

इन्स्टॅक्स फिल्म ५ ते ४० अंश सेल्सिअसमध्ये वापरावी असं कंपनी सांगते. पोलरॉइडसाठी हीच मर्यादा १३ ते २८ अंश आहे. हा फरक का? पोलरॉइडने २००८ मध्ये फिल्म बनवणं थांबवलं. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे गावचा शेवटचा कारखाना काही लोकांनी वाचवला, पण जुन्या फिल्ममधली अनेक रसायनं तोवर मिळेनाशी झाली होती. त्यामुळे फिल्म जवळजवळ पहिल्यापासून पुन्हा तयार करावी लागली. आजची पोलरॉइड फिल्म ही त्या खटपटीतून आलेली आहे. तिचे रंग मऊ आणि सुंदर येतात, पण तिला हवामान सोसत नाही. थंडीत फोटो फिका आणि निळसर-हिरवट येतो, उन्हाळ्यात पिवळा-तांबूस.

आता आमचं बनारस बघा. मे-जूनमध्ये दुपारी पारा चाळिशीच्या पुढे जातो, पंचेचाळिशीलाही टेकतो. जानेवारीत गंगेवर धुकं असतं आणि पहाटे तापमान दहाच्या खाली जातं. म्हणजे पोलरॉइडला मानवणारा काळ थोडाच उरतो: ऑक्टोबरमधल्या सकाळ-संध्याकाळ, नोव्हेंबर, आणि फेब्रुवारी ते मार्चची सुरुवात. तुम्ही शाळेच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात येणार असाल, तर पोलरॉइड आणूच नका. इन्स्टॅक्स आणलात तरी फोटो सकाळी आठच्या आत काढा, कारण दुपारी तिचीही मर्यादा ओलांडली जाते.

थंडीत पोलरॉइड आणलात, तर फोटो आला की लगेच उलटा करून स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. अंगाच्या उबेने रंग नीट उमटतात. रंगीत पोलरॉइड पूर्ण उमटायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, इन्स्टॅक्सला सुमारे दीड मिनिट. म्हाताऱ्या माणसांना घाटावर गारठ्यात उभं करून "थांबा हं, अजून दिसेल" म्हणत बसायचं नसेल, तर हा फरक महत्त्वाचा आहे.

प्रवासाचंही सांगते. महानगरी एक्सप्रेसने येणार असाल, तर फिल्मची पाकिटं खिडकीशी उन्हात ठेवू नका. सामानाच्या मधोमध, कपड्यांत गुंडाळून ठेवा. विमानाने बाबतपूरला उतरणार असाल, तर फिल्म चेक-इन बॅगेत टाकू नका, कारण तिथली क्ष-किरण तपासणी जास्त तीव्र असते. हातातल्या पिशवीत ठेवा आणि हाताने तपासा अशी विनंती करा. घरी पोलरॉइड फिल्म फ्रिजमध्ये ठेवायची, पण फ्रीझरमध्ये नाही. वापरण्याआधी काही तास बाहेर काढून ठेवा.

घाटाचा उजेड

काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट एकाच काठावर, पूर्वेकडे तोंड करून आहेत. सूर्य समोरच्या रेतीवरून उगवतो. हे एकदा कळलं की निम्मं काम झालं.

बहुतेक जण सकाळी आई-बाबांना नदीकडे पाठ करून उभं करतात, कारण मागे गंगा आणि सूर्य दिसायला हवा असतो. इन्स्टंट कॅमेऱ्यात तेव्हा चेहरे काळे पडतात. फोन असे चेहरे आतल्या आत उजळून घेतो, ही फिल्म तसं करत नाही. त्याऐवजी तुम्ही दोन-तीन पायऱ्या खाली उतरा, पाण्याकडे पाठ करा आणि त्यांना पायरीवर बसवा. कोवळं ऊन थेट त्यांच्या चेहऱ्यावर येतं. मागे घाट दिसतो. अहिल्याबाई घाट, भोसले घाट, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट असे आपल्या माणसांचे घाट इथे आहेत, तेव्हा पार्श्वभूमीही आपलीच. नावेतून काढायचा असेल तर सकाळीच, कारण दुपारनंतर घाट सावलीत जातात.

संध्याकाळी दशाश्वमेध घाटावर आरती असते. इथे खरेदीच्या वेळी न सांगितली जाणारी एक गोष्ट कामाला येते. एसक्यू१ आणि एसक्यू४० चा फ्लॅश बंद करता येत नाही. प्रत्येक फोटोला तो उडतोच, आणि त्याचा प्रकाश दोन मीटरच्या थोडाच पुढे पोचतो. म्हणजे आरतीच्या फोटोत पुढच्या माणसाची पाठ पांढरीफटक आणि मागचे दिवे अंधारात. पोलरॉइड नाऊमध्ये फ्लॅश बंद करता येतो. लोमोइन्स्टंट स्क्वेअर ग्लासमध्येही येतो आणि त्यात शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं, पण मग स्टँड हवा आणि गर्दीत स्टँड लावायला जागा मिळत नाही. माझं स्पष्ट मत आहे, की आरती फोनने टिपा आणि प्रिंटरवर छापा. इन्स्टंट कॅमेरा आरतीआधी, उजेड असताना वापरा, माणसांपासून दीड-दोन मीटरवर उभं राहून.

दोन ठिकाणी कॅमेरा काढायचाच नाही. विश्वनाथाच्या मंदिरात कॅमेरा आणि मोबाइल नेता येत नाहीत, तेव्हा त्या दिवशी तो मुक्कामाच्या खोलीवरच ठेवा. आणि मणिकर्णिका व हरिश्चंद्र घाटावर चितांचे फोटो काढायचे नसतात. सिंधिया घाट मणिकर्णिकेला लागूनच आहे, म्हणून तिथे फोटो काढताना चौकटीत काय येतंय ते बघा. तिथे कुणाचं तरी माणूस गेलेलं असतं.

फिल्मचा हिशेब

कॅमेरा एकदा घेतला जातो, फिल्म पुन्हा पुन्हा. म्हणून दुकानात आधी फिल्मचा भाव विचारा. पाकिटाच्या किमतीला फुजीसाठी दहाने आणि पोलरॉइडसाठी आठने भागा. तो झाला एका फोटोचा खर्च. सहा जणांचं कुटुंब तीन दिवस आलं, तर तीसेक फोटो होतातच. फुजीची तीन पाकिटं पुरतात, पोलरॉइडची चार लागतात. तुमच्या गावात किंवा ऑनलाइन ती फिल्म नेहमी मिळते का, तेही बघा. फुजीची मिळणं सोपं आहे.

पाकिटावर "स्क्वेअर" लिहिलंय याची खात्री करा, कारण मिनीची फिल्म स्क्वेअर कॅमेऱ्यात बसत नाही. पोलरॉइडमध्ये आय-टाइप फिल्मच्या पाकिटात बॅटरी नसते, म्हणून ती जुन्या ६०० कॅमेऱ्यात चालत नाही. ६०० ची फिल्म मात्र नव्या आय-टाइप कॅमेऱ्यात चालते. जुन्या बाजारात कागद सोलून काढायचे फार जुने पोलरॉइड दिसतात. ते शोभेला घ्या, कारण त्यांना लागणारी फिल्म बनवणं फुजीनेही २०१६ मध्ये थांबवलं.

एसक्यू१ आणि एसक्यू४० ला सीआर२ नावाचे दोन सेल लागतात. ते कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळत नाहीत, तेव्हा एक जोडी जास्त आणा. फिल्म भरल्यावर ती संपेपर्यंत मागचं झाकण उघडू नका. उघडलंत की आतली उरलेली फिल्म उजेडाने खराब होते.

एकच प्रत, आणि ती कुणाची?

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येते. आमच्या भागात एक आजी राहायच्या. तरुणपणी विदर्भातून काशीत आल्या आणि इथल्याच झाल्या. येणारा प्रत्येक पाहुणा त्यांचा फोटो काढायचा. नऊवारी, कपाळावर गोपीचंदन, मागे जुन्या वाड्याचं दार. कुणालाही मोह व्हावा असं ते दृश्य होतं. सगळे फोटो फोनमध्ये गेले. त्यांच्या घरात आधार कार्डावरचा सोडला तर एकही फोटो नव्हता. एका पाहुण्या मुलीने मात्र स्क्वेअर कॅमेऱ्याने त्यांचा फोटो काढला आणि तिथेच त्यांच्या हातात ठेवला. आजींनी तो आरशाच्या चौकटीत खोचला. त्या गेल्या तेव्हा घरच्यांनी तोच फोटो मोठा करून तेराव्याला ठेवला. ६२ मिलिमीटरचा फोटो एवढा मोठा केल्यावर धूसर होतो, तसा तो झाला. पण चेहरा हसरा होता आणि तो त्यांचाच होता.

यातून निवडीचा नियम निघतो. फोटो समोरच्याला द्यायचा असेल, म्हणजे नावाड्याला, वाड्यातल्या आजींना, तुमच्या हातावर तीर्थ देणाऱ्या गुरुजींना, तर पहिलं घराणं उत्तम. एकच प्रत आहे आणि ती त्यांची आहे, म्हणूनच तिला किंमत आहे. "भैया, ये आपके लिए" म्हणून फोटो हातात ठेवला, की नावाडी दीड मिनिट वल्हं थांबवून तो उमटताना बघतो. मात्र काढण्याआधी विचारा. लगेच मिळतो म्हणून परवानगी लागत नाही असं नाही.

पण फोटो आई-बाबांचा असेल आणि तुम्ही चार भावंडं असाल, तर एकाच प्रतीवर अवलंबून राहू नका. काशीची यात्रा बऱ्याच घरांत आई-बाबांची शेवटची मोठी यात्रा असते. पुढे त्या एका फोटोवरून "तो माझ्याकडे राहू दे" असं सुरू होतं, आणि ते कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा महाग पडतं. अशा वेळी फोन आणि प्रिंटर आणा. चार प्रती छापा आणि एक आई-बाबांच्याच हातात द्या. किंवा पहिल्या घराण्यातला कॅमेरा असेल, तर फोटो पूर्ण उमटल्यावर सावलीत, चकाकी टाळून, त्याचा फोनने फोटो काढून ठेवा. मूळ हरवलं तरी चेहरा राहतो.

फोटो घरी नेल्यावर अल्बममध्ये किंवा डब्यात ठेवा, उन्हाच्या भिंतीवर नको, रंग उडतात. पांढरी चौकट कापू नका, कारण आत अजून रसायन असतं आणि ते त्वचेला बाधतं. चौकटीवर पेनने तारीख, घाट आणि नावं लिहा. मागच्या पिढीच्या अल्बममध्ये "हे कोण?" म्हणून आपण अडतो, ते कुणी नाव न लिहिल्यामुळेच.

थोडक्यात

पहिलाच कॅमेरा, कुटुंबाची सहल, कुठलाही महिना: एसक्यू१ किंवा एसक्यू४०. दोघांत जो स्वस्त मिळेल तो.

भावंडांसाठी प्रती हव्यात, आरतीही हवी: फोन आणि स्क्वेअर लिंकसारखा प्रिंटर.

मोठा फोटो आणि मऊ रंग आवडतात, नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत येताय आणि थोडे फोटो वाया गेले तर चालणार आहे: पोलरॉइड नाऊ.

छायाचित्रणाची आवड आहे आणि अंतर, उजेड स्वतः ठरवायला आवडतं: लोमोइन्स्टंट स्क्वेअर ग्लास.

कॅमेरा कुठलाही घ्या, पहिलं पाकीट घरीच संपवा. अंगणात, गच्चीवर, घरच्या माणसांवर हात बसू द्या. फोटो किती अंतरावरून नीट येतो आणि फ्लॅश किती उजळ पडतो, हे दहा फोटोंत कळतं. मग काशीला या. पुढच्या भागात नावेचे दर आणि घाटांचा क्रम बघू. तोवर नमस्कार.